आधी कान, मग स्क्रीन

ज्येष्ठांसाठी फोन हवा म्हटलं, की दुकानदार मोठ्या बटणांचा साधा फोन काढतो, नाहीतर मोठ्या स्क्रीनचा स्मार्टफोन. आकडे ठळक दिसले, की घरचे पैसे देऊन मोकळे होतात. घरी आल्यावर मात्र तक्रार वेगळीच येते: "आवाज येतो, पण बोललेलं कळत नाही."

ही तक्रार खरी असते. वयाबरोबर आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी झिजतात आणि ही झीज साधारणपणे उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशींपासून सुरू होते. 'स', 'श' यांसारख्या व्यंजनांचा जोर याच पट्टीत असतो. त्यातच जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये जेमतेम ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज पलीकडे जातो. 'स'ची बरीचशी ऊर्जा ४००० हर्ट्झच्या वर असते, म्हणजे ती वाटेतच गळते. मग 'साठ'चा 'आठ' व्हायला वेळ लागत नाही. औषधाची मात्रा फोनवर विचारणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे, आणि आवाज वाढवून तो भरून निघत नाही.

म्हणून बटणांचाच फोन घ्यायचा असला, तरी तो ४जी आणि व्हीओएलटीईची सोय असलेला घ्यावा. दोन्हीकडचे फोन आणि नेटवर्क साथ देत असतील, तर अशा कॉलमध्ये सुमारे ५० ते ७००० हर्ट्झपर्यंतचा आवाज पोहोचतो. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते कानात घालूनच फोन ऐकून पाहावा.

कानानंतर बोट. स्मार्टफोनची स्क्रीन दाब ओळखत नाही. त्वचेच्या स्पर्शाने विद्युतक्षेत्रात झालेला बदल ओळखते. उतारवयात त्वचा कोरडी पडते, त्यामुळे हा संकेत क्षीण होऊ शकतो. आजी मग जोर लावून बोट दाबून धरतात आणि फोन त्याचा भलताच अर्थ घेतो: आयकॉन हलतात, नको तो मेन्यू उघडतो. अँड्रॉइडच्या 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' सेटिंगमध्ये बोट किती वेळ टेकल्यावर 'दाबून धरलं' समजायचं, ते वाढवता येतं. पाच मिनिटांचं हे काम क्वचितच कुणी करून देतं.

जपानने या अडचणींचा विचार फोन घडवतानाच केला. एनटीटी डोकोमो ही कंपनी १९९९पासून 'राकुराकु' फोन विकते. यातल्या काही फोनमध्ये पलीकडच्याचं बोलणं किंचित संथ करून ऐकवण्याची सोय आहे. २०१२मध्ये आलेल्या त्यांच्या स्मार्टफोनची स्क्रीन नुसत्या स्पर्शाने काम करत नसे. बटणासारखी दाबावी लागे आणि दाबल्याची थरथर बोटाला कळे.

डोळ्यांची गरज आणखी निराळी. साठीत बाहुली लहान होते, भिंग पिवळसर पडतं आणि दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या जेमतेम एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. फिकट करड्या पार्श्वभूमीवरची निळी अक्षरं मोठी केली तरी नीट वाचता येत नाहीत. पांढऱ्यावर काळी, ठळक अक्षरं हवीत.

संकटकाळासाठी भारतात २०१६चे नियम आहेत. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरल्यावर, तर स्मार्टफोनवर पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबल्यावर आपत्कालीन कॉल जायला हवा. काही फोनमध्ये ही सोय सेटिंगमधून सुरू करावी लागते, म्हणून ते घेतानाच पाहून घ्यावं.

मुख्य म्हणजे, ज्यांचा फोन आहे त्यांनाच दुकानात न्यावं. घरच्यांपैकी एकाने रस्त्यावर जाऊन तिथून फोन लावावा, 'साठ', 'आठ', 'सात' असे आकडे उलटसुलट सांगावेत आणि आजोबांनी ते कागदावर लिहावेत. आकडे चुकले, तर दुसरा फोन मागावा.