गाडीतली हजेरी : 'ओ' दिली नाही म्हणजे बिघडलाच असं नाही



लोहाऱ्यात एमआयडीसी आहे आणि यवतमाळ शहरही लागूनच. त्यामुळे आपल्या भागातली बरीच मुलं दहावीनंतर आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेडचा विचार करतात. "गाडीचं काम शिकायला अभ्यास कशाला लागतो?" असं पालक विचारतात. आजचा पाठ त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

गाडीत कोण कोणाशी बोलतं?

आजच्या कारमध्ये इंजिन, एबीएस ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग, मीटर अशा प्रत्येक कामाला छोटा संगणक असतो. त्याला कंट्रोल मॉड्यूल म्हणतात. चाकाचा वेग एबीएसला कळतो, पण तो इंजिनलाही हवा असतो आणि मीटरलाही. प्रत्येकापासून प्रत्येकापर्यंत वेगळी तार टाकली तर वायरिंगचा गुंताच होईल. म्हणून बॉश या जर्मन कंपनीने १९८३ मध्ये एका पद्धतीवर काम सुरू केलं आणि १९८६ मध्ये ती जगासमोर मांडली. तिचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजेच 'कॅन'. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा, आणि सगळी मॉड्यूल त्याच दोन तारांवर बोलतात.

शांत असताना दोन्ही तारांवर साधारण २.५ व्होल्ट असतात. कोणी बोललं की 'कॅन हाय' तार ३.५ पर्यंत चढते आणि 'कॅन लो' १.५ पर्यंत उतरते. ऐकणारा फक्त दोघींमधला फरक बघतो. बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच येतो, त्यामुळे फरक तोच राहतो आणि निरोप बिघडत नाही.

फॉल्ट कोड नेमकं काय सांगतो?

वर्गात हजेरी घेताना एका मुलाने 'ओ' दिली नाही, तर तो आजारीच आहे असं आपण लगेच धरतो का? तो गैरहजर असेल, त्याला ऐकू आलं नसेल, किंवा वर्गात एवढा गलका असेल की त्याचा आवाज आपल्यापर्यंत पोचलाच नसेल.

गाडीचंही तसंच आहे. स्कॅनरवर 'यू ०१२१' कोड आला, तर त्याचा अर्थ "एबीएस मॉड्यूलचा आवाज येत नाही" एवढाच. 'यू ०१००' म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलचा आवाज येत नाही. ही तक्रार *ऐकणाऱ्याची* असते. पण कोडमध्ये नाव दिसलं म्हणून पुष्कळदा तेच महागडं मॉड्यूल बदललं जातं. पैसे जातात, आणि दोष तारेत असेल तर दिवा पेटलेलाच राहतो!

म्हणून आधी तक्रारी जुळवून बघा :

- सगळे एकाच मॉड्यूलची तक्रार करत असतील, तर त्या मॉड्यूलचा फ्यूज, वीजपुरवठा, अर्थिंग, कनेक्टर आणि त्याच्याकडे जाणारी तार तपासा. हे सगळं ठीक निघालं तरच मॉड्यूलवर संशय घ्या.
- सगळेच सगळ्यांची तक्रार करत असतील, तर दोष मुख्य तारांमध्ये असू शकतो. एखादं बिघडलेलं मॉड्यूलही सगळी लाइन अडवून धरतं.

नववीचं गणित इथे लागतं

कॅनच्या मुख्य तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. निरोप टोकावर आपटून परत फिरू नये, म्हणून तो बसवतात. दोन्ही रोध समांतर जोडणीत येतात. नववीच्या 'धाराविद्युत' पाठातलं सूत्र लावा :

१/१२० + १/१२० = २/१२० = १/६०

म्हणजे परिणामी रोध ६० ओहम.

आता मोजायचं कसं? इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि काही मिनिटं थांबा. तार जिवंत असताना ओहम मोजू नयेत. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यातल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये मल्टिमीटर लावा.

- सुमारे ६० ओहम : दोन्ही टोकं जोडलेली आहेत.
- सुमारे १२० ओहम : एक टोक तुटलंय, किंवा एक रोध लाइनवर नाही.
- शून्याच्या जवळ : दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्यात.

मात्र ६० आले म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. एखाद्या मॉड्यूलकडे जाणारी फांदी तुटली असेल किंवा तार बॉडीला लागली असेल, तरी ६० येऊ शकतात. काही गाड्यांत मध्ये 'गेटवे' नावाचं मॉड्यूल असतं. तिथे या पिनांवरून आतली सगळी लाइन दिसत नाही, त्यामुळे त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा बघावाच लागतो. आणि एअरबॅगच्या वायरिंगला मल्टिमीटर लावायचाच नाही, हे मुलांना आधीच बजावून सांगा.

यानंतर डोळ्यांनी शोध घ्या. उंदराने कुरतडलेली तार, पावसाचं पाणी शिरून हिरवट झालेली पिन, बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टीमसाठी मध्येच कापून जोडलेली वायर. दोष बहुधा अशाच ठिकाणी सापडतो.

वर्गात करून बघा

१२० ओहमचे दोन रोध, थोडी तार आणि एक मल्टिमीटर घ्या. मुलांना ६० मोजू द्या. मग एका टोकाची तार गुपचूप सोडा आणि विचारा, "आता किती दाखवतोय? का?" समांतर जोडणी फळ्यापेक्षा इथे लवकर समजेल.

पालकहो, तुमच्यासाठी एकच. गॅरेजमध्ये कोणी "मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल" म्हटलं, तर शांतपणे विचारा, "दादा, फ्यूज, अर्थिंग आणि तारा मोजल्या का? किती ओहम आले?" आणि उद्या त्या गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलाला हे उत्तर देता यावं, यासाठीच नववीचा तो पाठ नीट शिकायचा असतो.