लोहखनिजाचा पैसा आणि खाणगावांचा शब्द

गेल्या पाव शतकात बळ्ळारीच्या लाल मातीने कर्नाटकाच्या राजकारणात जेवढी उलथापालथ घडवली, तेवढी क्वचितच दुसऱ्या प्रश्नाने घडवली असेल. विधानसौधात खनिजाचा विषय निघाला की आजही चर्चा टनांची आणि कोटींची होते. किती खनिज काढावे, हे कधी बाजाराने ठरवले, कधी न्यायालयाने. त्यातून उभ्या राहिलेल्या पैशाबाबत खाणगावांचा शब्द किती चालावा, हा प्रश्न मात्र मागेच राहिला आहे.

बळ्ळारी जिल्ह्यातील संडूर हे घोरपडे घराण्याचे मराठा संस्थान. ते १९४९ मध्ये भारतात विलीन झाल्यावर याच घराण्याने १९५४ मध्ये मँगनीज व लोहखनिजाची कंपनी स्थापन केली. पुढे घराण्यातील एम. वाय. घोरपडे देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. खनिज आणि सत्ता यांचे नाते येथे जुनेच आहे; २००० नंतर त्याचा वेग तेवढा बदलला.

चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि खनिजाचे भाव भडकले. बाजारात टनाला हजारो रुपये मिळत असताना २००९ पर्यंत स्वामित्वधन मात्र टनाला जास्तीत जास्त २७ रुपये होते. राज्याचे वार्षिक उत्पादन चार कोटी टनांवर गेले. तिजोरीत त्या मानाने नगण्य भर पडली. खाणमालक रेड्डी बंधू २००८ मध्ये मंत्री झाले. २०१० मध्ये विरोधी पक्षनेते सिद्धरामय्या यांनी बंगळुरूहून बळ्ळारीपर्यंत पदयात्रा काढली. जुलै २०११ मध्ये लोकायुक्त संतोष हेगडे यांच्या अहवालाने २००६ ते २०१० या काळातील तोटा १६,०८५ कोटी रुपये दाखवला आणि मुख्यमंत्री येडियुरप्पा यांना पद सोडावे लागले.

त्याच महिन्यात धारवाडच्या समाज परिवर्तन समुदायाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीतील खाणकाम थांबवले. ऑगस्टमध्ये ही बंदी चित्रदुर्ग व तुमकूरलाही लागू झाली. एप्रिल २०१३ च्या निकालाने गंभीर गैरप्रकारांचे खाणपट्टे रद्द झाले आणि उत्पादनावर वार्षिक तीन कोटी टनांची मर्यादा आली. ती २०१७ मध्ये साडेतीन कोटी आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पाच कोटी टन झाली. निर्यातीची वाटही २०२२ मध्येच मोकळी झाली. आज या खनिजाचा मोठा ग्राहक परदेशात नसून तोरणगल येथील पोलाद कारखान्यासारखा शेजारचाच उद्योग आहे.

पैशाची कमतरता आता उरलेली नाही. स्वामित्वधन २०१४ पासून १५ टक्के आहे. २०१५ च्या कायद्याने प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. शिवाय न्यायालयाच्या आदेशाने जमलेल्या निधीतून खाणबाधित भागासाठी सुमारे २५ हजार कोटींची योजना आखण्यात आली असून, तिच्यावर निवृत्त न्यायमूर्ती सुदर्शन रेड्डी यांची देखरेख ठेवण्यात आली. तिजोरी भरली, पण तिच्या किल्ल्या प्रामुख्याने राज्य, जिल्हा प्रशासन आणि न्यायालयीन देखरेख यांच्या हाती राहिल्या. ज्या ग्रामसभेच्या विहिरी, शेते आणि रस्ते धुळीने माखले, तिचे स्थान या रचनेत शेवटचेच आहे.

त्यात २५ जुलै २०२४ च्या निकालाची भर पडली. स्वामित्वधन हा कर नव्हे आणि खनिज हक्कांवर कर बसवण्याचा अधिकार राज्यांना आहे, असे नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवले. मूळच्या कर्नाटकातील न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी भिन्नमतात राज्यांमधील अनारोग्य स्पर्धेचा इशारा दिला. कर्नाटक विधिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये अशा कराचे विधेयक संमत केले. केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांचा वाद यापुढेही रंगेल. राज्याला जास्त मिळाले म्हणजे संडूरलाही जास्त मिळेल, असे मात्र त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

याचा धडा बंगळुरूपासून फार दूर नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. आज तेथील हजारो लोक रोज पहाटेच्या गाडीने कामासाठी राजधानीत येतात. शतकभराच्या सोन्याने त्या गावाला खाणीनंतरचा रोजगार दिला नाही. बळ्ळारीचे खनिजही कधीतरी संपेलच. पाच कोटी टनांची मर्यादा उद्या किती वाढवायची, याआधी खाणीनंतरच्या दिवसांची तरतूद कोण आणि कोणाला विचारून करणार, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे.