झेंडूची पाकळी ताटात



गेल्या वर्षी जव्हार तालुक्यातल्या आमच्या वसतिगृहाच्या कुंपणालगत मी झेंडू लावला. अंगणाला रंग यावा आणि दसऱ्याला वह्यांपुरते पैसे सुटावेत, एवढाच विचार. पण बी टाकायला ऑगस्टची अखेर उजाडली. बियांपासून फुलापर्यंत झेंडूला अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे दसऱ्यासाठी बी जुलैच्या सुरुवातीलाच पडायला हवे. आमची फुले फुलली दिवाळी उलटल्यावर. बाजारात कोणी विचारीना. मुलींनी रोज तण काढले होते. त्यांच्याकडे पाहताना मला ओशाळे वाटे.

लागवड मात्र चांगली साधली होती. आमच्याकडच्या पावसात पाणी साचले की मुळे कुजतात, म्हणून गादीवाफे उंच केले. महिन्याची रोपे दीड-दीड फुटांवर लावली आणि पुढे महिन्याभराने शेंडे खुडले. शेंडा खुडताना जीव होत नाही, पण त्यानेच फांद्या फुटतात आणि फुले वाढतात.

मग पाकळ्या स्वयंपाकघरात नेल्या. “पूजेचं फूल खायचं?” एका मुलीने विचारले. खाता येते, पण सांभाळून. बाजारातले फूल कधीच खाऊ नये. त्यावर औषध मारलेले असते. आम्हीही एका वाफ्यावर लाल कोळ्यासाठी फवारणी केली होती, त्यातले एकही फूल घेतले नाही. सकाळी फूल तोडायचे, झटकून किडे काढायचे, धुवायचे. पाकळीचे पांढरे टोक कडू असते, ते खुडून टाकायचे. काकडीच्या कोशिंबिरीवर चमचाभर पुरते. भातात शिजवल्या तर पिवळसर रंग येतो. चव थोडी लिंबासारखी, थोडी तुरट. शेवंती, सूर्यफूल यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी खाऊ नये. चवीसाठी बारीक एकेरी फुलांचा सिग्नेट झेंडू उत्तम मानतात. आमचा मोठ्या गोंड्यांचा, आफ्रिकन म्हणवणारा. (मूळ मात्र मेक्सिकोचा!)

उरलेल्या पाकळ्या सावलीत वाळवून कोंबड्यांच्या खाद्यात मिसळल्या. झेंडूतल्या ल्युटिनमुळे अंड्याचा बलक गडद पिवळा होतो. काही दिवसांनी मुलींनी अंडे फोडले आणि मला हाक मारून वाटी दाखवली.

यंदा बी 5 जुलैला टाकले आहे.