शुद्ध पाण्यामागचा दाब

गच्चीवरच्या टाकीला सर्वांत जवळचे घर शेवटच्या मजल्यावरचे. पण पाण्याला जोर सर्वांत कमी असतो तोही तिथेच. शॉवर बारीक धारेने पडतो तोवर त्याची फारशी चर्चा होत नाही. स्वयंपाकघरात आरओ यंत्र बसवले आणि त्याची टाकी भरायला तासन्‌तास लागू लागले, की मात्र तक्रार सुरू होते. दोष बहुधा पडद्याला, म्हणजे मेम्ब्रेनला दिला जातो. नवा पडदा येतो, पैसे जातात आणि पाणी पूर्वीइतक्याच संथपणे येत राहते.

हिशेब साधा आहे. दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो दाब पडतो. प्लंबर ज्याला नुसते ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात, तो हाच. टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा चार मीटर उंच असेल, तर जेमतेम ०.४ किलो दाब मिळतो. त्याच इमारतीत दहा मजले खाली तो तीन किलोंच्या पुढे जातो.

कँडलच्या फिल्टरला दाबाची गरजच नसते. त्यात पाणी स्वतःच्या वजनाने झिरपते. अतिनील किरणांच्या यंत्रालाही फार जोर लागत नाही. उलट पाणी वेगाने धावले तर दिव्यासमोर ते पुरेसे रेंगाळत नाही. आरओचे शास्त्र निराळे. अर्धपार्य पडद्यातून पाणी निसर्गतः कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे जाते. त्याला उलट दिशेने न्यायचे, तर बाहेरून दाब द्यावा लागतो. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरिराजन यांनी १९६० च्या सुमारास व्यवहारात टिकेल असा पडदा बनवला आणि हे तंत्र प्रयोगशाळेबाहेर आले. समुद्राच्या पाण्याचा नैसर्गिक विरोध सुमारे २५ किलोंचा असतो. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या बोअरच्या पाण्यात तो अर्धा किलोही भरत नाही. पण पडद्याची वीण इतकी घट्ट असते की पुरेशा वेगाने पाणी पार व्हायला चार-साडेचार किलो दाब लागतो. घरगुती पडद्याची क्षमताही साधारण एवढ्याच दाबाला आणि २५ अंश सेल्सिअस तापमानाला मोजलेली असते.

ही तफावत भरून काढतो तो यंत्राच्या पोटातला मुठीएवढा बूस्टर पंप, बहुधा २४ व्होल्टवर चालणारा. मात्र त्यालाही मागून पाणी मिळावे लागते. गाळाचा फिल्टर तुंबला, नळाची जाळी कचऱ्याने भरली किंवा अ‍ॅडॅप्टर थकला, की पंप घरघरतो आणि दाब उतरतो. पडदा बदलण्याआधी या तीन गोष्टी पाहाव्यात. खालच्या मजल्यांवरचे दुखणे याच्या उलट असते. तेथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह न बसवल्यास सांधे निखळतात आणि सुट्टीवरून परतलेल्या कुटुंबाला घरात तळे आढळते.

दाब उतरला की केवळ पाणी कमी येते असे नव्हे. पडद्यातून क्षार झिरपण्याचा वेग दाबावर फारसा अवलंबून नसतो. शुद्ध पाणी घटते, क्षार जवळपास तेवढेच राहतात. म्हणजे पाण्याची चवही बिघडते. शिवाय टाकाऊ पाण्याचा वाटा वाढतो. त्या नळीत एक बारीक रोधक, फ्लो रिस्ट्रिक्टर, बसवलेला असतो. पडद्यामागे दाब टिकतो तो त्याच्यामुळे. दुरुस्तीत चुकीच्या मापाचा रोधक बसला तर पंप कितीही नवा असो, पाणी मोरीतच वाहते. एक लिटर शुद्ध पाणी येईपर्यंत त्या नळीखाली बादली ठेवावी. तीन लिटरांहून अधिक जमले तर रोधक आणि पंप दोन्ही तपासून घ्यावेत.

मुळात हे यंत्र हवे का, हाही प्रश्न उरतोच. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या भातसा, वैतरणा, तानसा या तलावांतील पावसाच्या पाण्यात क्षार कमीच असतात. तेथे आरओपेक्षा साधा फिल्टर आणि अतिनील दिवा पुरतो. लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून कमी क्षार असतील तेथे आरओवर बंदी घालावी आणि इतरत्र किमान ६० टक्के पाणी परत मिळवावे, असे राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये सरकारला सांगितले होते. बोअर आणि टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या उपनगरांची गोष्ट अर्थातच वेगळी.

यंत्रातला पंप टाकीचे पाणी ओढतो, त्यात गैर काही नाही. पालिकेच्या जलवाहिनीला थेट पंप जोडणे मात्र घातक. त्या ओढीने वाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून आजूबाजूचे गटाराचे पाणी आत शिरते. मग सगळ्या गल्लीलाच शुद्धीकरण यंत्र घ्यावे लागते.

थंडीतली मंद धार मात्र बहुधा बिघाड नसते. पाणी एका अंशाने गार झाले की पडद्यातून येणारी धार सुमारे तीन टक्क्यांनी घटते. पुण्या-नाशिकच्या जानेवारीत यंत्र रेंगाळले, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी फेब्रुवारी उलटू द्यावा.