गिळला, पण पचला नाही

खटाव-माणच्या माळावर मेंढी अडली, की मेंढपाळाचा हात आपसूक मदतीला जातो. मेंढी गाभडली तर मेलेलं कोकरू आणि वारही त्याच हातांनी उचलली जाते. हातावर बाभळीच्या काट्याची एखादी चीर असतेच. ब्रुसेला नावाच्या जिवाणूला तेवढी वाट पुरते. दुसरी वाट कच्च्या दुधाची.

डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने 1887 मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जिवाणू वेगळा काढला. तो बेटावरच्या शेळ्यांच्या अंगात असतो, हे माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी 1905 मध्ये दाखवलं.

शरीरात शिरलेल्या जिवाणूला भक्षक पेशी गिळतात, पिशवीत कोंडतात आणि त्या पिशवीत आम्ल सोडतात. बहुतेक ब्रुसेला तिथेच मरतात. उरलेल्यांना मात्र हे आम्लच इशारा ठरतं. ते लागताच जिवाणू आपली नळीसारखी यंत्रणा उभी करतो, तिच्यातून पेशीत स्वतःची प्रथिनं सोडतो आणि पिशवी आंतर्द्रव्यजालिकेकडे, म्हणजे पेशीच्या प्रथिनं घडवणाऱ्या विभागाकडे वळवतो. तिथे त्याची वाढ सुरू होते. पेशीला तो लवकर मरूही देत नाही. क्षयाच्या जिवाणूची तऱ्हा वेगळी: तो पिशवीला पाचकरसाच्या पिशवीशी जुळूच देत नाही.

पेशीत दडलेल्या जिवाणूपर्यंत रक्तातली प्रतिपिंडं पोहोचत नाहीत. म्हणून ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. रात्री घाम फुटतो, कंबर धरते, सांधे दुखतात, काही पुरुषांचं वृषण सुजतं. विषमज्वर किंवा क्षय समजून उपचार भलतीकडेच जाऊ शकतात.

औषधही पेशीत शिरणारं लागतं. डॉक्सीसायक्लिन सहा आठवडे आणि जोडीला रिफाम्पिसिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन, असा नेहमीचा उपचार आहे. ताप लवकर उतरतो आणि इथेच गोळ्या सुटतात. मग आतले जिवाणू पुन्हा डोकं वर काढतात.

2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या गाई-म्हशींच्या मादी वासरांना ब्रुसेलाविरुद्धची लस देतात. मेंढरांच्या वाड्यावर हातमोजे, वार खोल पुरणं आणि दूध उकळूनच पिणं, एवढं तरी पाळता येतं. लांबलेल्या तापासाठी वडूजच्या दवाखान्यात गेलेल्याने घरी मेंढरं आहेत, त्यातली एखादी गाभडली होती, हे आपणहून सांगावं. त्यावरून रक्ताची कोणती तपासणी करायची, हे डॉक्टरांना ठरवता येतं.