जिंकलेला मुलूख आणि स्थैर्याचा प्रश्न

परकीय सैन्याने एखादा देश जिंकला म्हणजे सारे संपले, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः खरा बिकट प्रश्न त्यानंतरच उभा राहतो. राजवाडा काही दिवसांत ताब्यात घेता येतो. परंतु मोडलेली राज्यव्यवस्था पुन्हा बसविण्यास वर्षे लागतात. हा प्रश्न समजून घेण्यासाठी आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. नागपूरच्या इतिहासातच त्याचे बोलके उदाहरण आहे.

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर ईस्ट इंडिया कंपनीच्या तुकडीने अप्पासाहेब भोसले यांच्या फौजेचा पराभव केला. १६ डिसेंबर रोजी दुसरी लढाई झाली. तरीही भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी शहर सोडले नाही. सुरक्षितपणे जाऊ देण्याची हमी मिळाल्यावरच, ३० डिसेंबर रोजी, त्यांनी ते रिकामे केले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमा नदीकाठी कोरेगावची लढाई झाली. या दोन्ही घटना एकाच युद्धातील होत.

पहिली अडचण शस्त्रधाऱ्यांची. धनी गेला की शिपायाची रोजी जाते. हातातले शस्त्र मात्र जात नाही. मे १८१८ मध्ये अप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून निसटले व त्यांनी महादेवाच्या डोंगरांत गोंडांचा आश्रय घेतला. बेकार झालेले अरब त्यांना येऊन मिळाले. त्याच वर्षीच्या जुलैत मुलताईकडे कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापली गेली. १८१९ च्या एप्रिलमध्ये असीरगड पडेपर्यंत ही धामधूम चालूच होती. म्हणजे राजधानी पडल्यानंतरही सुमारे सव्वा वर्ष मुलूख शांत नव्हता. इराकमध्ये मे २००३ मध्ये तेथील सैन्य एका हुकमाने बरखास्त करण्यात आले, तेव्हा हीच चूक फार मोठ्या प्रमाणावर घडली. बेकार झालेल्या सैनिकांपैकी अनेक जण पुढे सशस्त्र गटांत सामील झाले.

या अडचणीचे मर्म दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात सांगितले आहे. राजा महाविजिताच्या राज्यात लुटारूंचा उपद्रव माजला असता त्याचा पुरोहित सांगतो की, वध, बंधन व हद्दपारी यांनी उपद्रव मिटत नाही. उरलेले लोक पुन्हा त्रास देतात. शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व राजसेवकास वेतन मिळाले तरच प्रजा आपापल्या कामास लागते. येथे दंडनीतीपेक्षा उपजीविकेला अग्रस्थान आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

दुसरी अडचण अधिकाराची. कारभार कोणाच्या नावाने चालवावा? कंपनीने दुसऱ्या रघूजींचा अल्पवयीन दौहित्र बाजीबा यास तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसविले. राजवाड्याची व्यवस्था बाकाबाईंकडे राहिली. पण राज्याचा कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या हाती आणि जिल्हे इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेले. जेंकिन्स यांनी शक्यतो जुनीच पद्धत पुढे चालविली. त्यामुळे गावगाडा लवकर सुरू झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु जुन्या पद्धतीबरोबर जुनी उतरंडही जशीच्या तशी राहिली. पाटील पाटीलच राहिला आणि गावचा महार कोतवाल वेशीबाहेरच राहिला. हे स्थैर्य नेमके कोणाचे, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही.

तिसरी अडचण निघून जाण्याची. १८२६ च्या तहानंतर कारभार क्रमाक्रमाने राजाकडे देण्यात आला व १८३० पर्यंत हे हस्तांतर पूर्ण झाले. पण लष्करी बळ व अंतिम शब्द कंपनीचाच होता. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. दत्तकाचा हक्क नाकारून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. संरक्षणासाठी आलेला अखेर मालक झाला. अफगाणिस्तानात याच्या उलट घडले. २००१ पासून परकीय फौजांच्या आधाराने उभे असलेले सरकार, त्या फौजा माघारी फिरताच, ऑगस्ट २०२१ मध्ये कोसळले. एकीकडे आधार देणारा गेलाच नाही, दुसरीकडे तो गेला आणि काही उरले नाही. दोन्ही ठिकाणी राज्य तेथील लोकांचे झाले नव्हते.

यावरून आमच्या मते एवढे स्पष्ट होते की, शांतता आणि स्थैर्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. शांतता बंदुकीच्या धाकानेही राखता येते. स्थैर्यासाठी मात्र शस्त्र खाली ठेवणाऱ्यास अन्न, प्रजेस कारभारात वाटा आणि सर्वांत खालच्या माणसास हे राज्य आपले आहे असे वाटण्यास कारण मिळावे लागते. ज्या व्यवस्थेत वेशीबाहेरचा माणूस वेशीबाहेरच राहतो, ती व्यवस्था शांत दिसली तरी स्थिर झाली असे म्हणता येणार नाही.