मोबाइलवर खापर फोडण्याआधी

निवडणूक झाली की ‘व्हॉट्सअ‍ॅपनं सीट काढली’ असं कानावर येतंच. औरंगाबादचं उदाहरण घ्या. 2019 च्या लोकसभेला एमआयएमचे इम्तियाज जलील इथून 4,492 मतांनी आले. तेव्हा पक्षाच्या जोडीला वंचित बहुजन आघाडी होती आणि अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी 2 लाख 83 हजारांवर मतं खेचल्यानं शिवसेनेच्या चंद्रकांत खैरेंचं गणित कोलमडलं. 2024 ला वंचितचा उमेदवार वेगळा. जलील लाखाहून जास्त मतांनी पडले. मोबाइल काय, या पाच वर्षांत वाढलेच होते! लोकनीती-सीएसडीएसनं 2019 च्या देशभरातल्या मतदारांचा अभ्यास केला, तेव्हा सोशल मीडिया न वापरणाऱ्यांतही भाजप पुढेच दिसला.

दुसरा गैरसमज जास्त घातक : अफवा अडाणी माणसं पसरवतात. जून 2018 मध्ये वैजापूर तालुक्यातल्या चांदगावात दरोडेखोर समजून जमावानं दोघांचा जीव घेतला. 1 जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण मुलं पळवणारे म्हणून ठेचले गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बानाजी आणि राम भट यांनी महाराष्ट्रासह चार राज्यांत फिरून अशा अफवांचा माग काढला. त्यांच्या मते मूळ दुखणं अज्ञानाचं नाही, आधीपासून मनात असलेल्या आकसाचं आहे. भटक्यांकडे गाव कसं बघतं, हे मोबाइल येण्याआधीही आपल्याला ठाऊक होतंच की. शिकवून भागतं का, हे बघायला संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये बाराशेवर लोकांवर प्रयोग केला. खोटी बातमी कशी ओळखायची, हे घरी जाऊन तासभर शिकवलं. एकंदरीत फरक पडला नाही.

खोटं पसरवायला मोठी तांत्रिक करामत लागते, हेही खरं नाही. संशोधक किरण गरिमेला आणि डीन एकल्स यांनी 2019 च्या निवडणुकीआधीचे हजारो राजकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तपासले. नमुन्यातल्या सुमारे 13 टक्के चित्रांत खोटी माहिती होती. बहुतेक प्रकार साधेच : जुना फोटो नव्या घटनेचा म्हणून, किरकोळ काटछाट, नेत्याच्या तोंडी घातलेलं वाक्य.

‘दुरुस्त करून उपयोग नाही’ हे मात्र सरसकट खरं नाही. बद्रीनाथन आणि सायमन शोशार यांच्या प्रयोगात ग्रुपमधल्याच कुणी ‘हे खरं वाटत नाही’ एवढं लिहिलं, तरी अफवेवरचा विश्वास घटला. पुरावा जोडल्यानं परिणाम फारसा वाढलाही नाही. आता घरच्या ग्रुपवर मोठ्या काकांना हे लिहायचं कुणी, ते ज्यानं त्यानं ठरवावं.